वाऱ्यावर सोडलेले शहर

हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. ती चार दिवस पुढेमागे होते. पण पाऊस गेल्यावर घराघरांत जे घडते त्याचा क्रम सहसा चुकत नाही. छत्र्या माळ्यावर जातात, ऑक्टोबरचा उन्हाळा अंगाची लाही करतो, चकल्यांची भाजणी दळून येते आणि खिडकीच्या गजांवर काळसर भुकटी धरू लागते. पुसली की दोन दिवसांत पुन्हा हजर. भाऊबीज आटोपेपर्यंत दवाखान्यातल्या बाकांवर सगळीकडे एकाच जातीचा कोरडा खोकला ऐकू येतो, आणि भरदुपारी दादरच्या चौपाटीवरून पाहिले तर सागरी सेतूचे खांब राखाडी पडद्यात अर्धेमुर्धे बुडालेले असतात.

मुंबईकराला या पडद्याची फारशी भीती वाटत नसे. हवेचा विषय निघाला की दिल्लीवाल्यांची कीव करायची आणि ‘आपल्याकडे समुद्र आहे’ म्हणून मोकळे व्हायचे, अशी रीत होती. त्यात तथ्यही होते. दिल्ली चहूबाजूंनी जमिनीने वेढलेली. तिथे थंडीत हवा कोंडली की कोंडली. मुंबई ही समुद्रात शिरलेली चिंचोळी पट्टी. तिची झाडलोट वारा रोज करतो, आणि पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी ओतून निसर्ग ती चक्क धुऊन काढतो. जुलै-ऑगस्टात इथली हवा देशातल्या कुठल्याही महानगराने हेवा करावा अशी असते.

मग २०२२-२३ चा हिवाळा आला. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत अनेक दिवस असे निघाले की मुंबईचा हवा गुणवत्ता निर्देशांक दिल्लीपेक्षा वर होता. बातम्या आल्या, विनोद झाले, आणि पहिल्यांदाच कांदा-बटाट्याच्या भावासारखा हवेचा आकडा लोकलच्या डब्यात बोलला जाऊ लागला.

त्या वर्षी नेमके काय बिघडले हे कळायला शाळेतला भूगोल पुरतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून वारे येतात, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, मग वारे उलटे, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, ते मतलई वारे. मुंबईचा कारभार या दोन पाळ्यांवर चालतो. हिवाळ्यात रात्रीच्या पाळीत शहराची धूळ आणि धूर समुद्रावर ढकलला जातो आणि दुपारच्या पाळीत त्यातला काही भाग परत येतो. पण एकंदरीत वारा खेळता राहतो, कण विखुरतात. अडचण होते ती वाऱ्याचा जोर कमी पडला की. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, ती वर चढत नाही, आणि सगळा मामला खालच्या थोडक्या उंचीत अडकून बसतो. खारे वारे उशिरा सुटले तर हे झाकण दुपार झाली तरी निघत नाही.

त्या हिवाळ्यात प्रशांत महासागरात ‘ला निना’ सलग तिसऱ्या वर्षी ठाण मांडून होती. हवेच्या अंदाजाची ‘सफर’ ही यंत्रणा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ज्यांनी उभी केली, ते गुफ्रान बेग आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे ला निना आणि मुंबईची बिघडलेली हवा यांचा संबंध मांडला. वाऱ्यांची घडी बदलल्याने उत्तरेतल्या शहरांना थोडा दिलासा मिळाला आणि मुंबईसारख्या द्वीपकल्पातल्या शहरांत हवा साचली, असा त्याचा मथितार्थ. आता, पेरूच्या किनाऱ्यालगतचे पाणी गार झाले म्हणून बोरिवलीत खोकला वाढला, हे स्पष्टीकरण महापालिकेला फारच सोयीचे. पण वाऱ्याने घाण तयार केली नव्हती. ती आधीपासून होती. वारा फक्त रजेवर गेला आणि घरात किती कचरा आहे ते दिसले.

आकड्यांविषयी थोडे, कारण त्यांच्या नावांत एक गंमत दडलेली आहे. आपला निर्देशांक शून्य ते ५०० असा मोजतात. ५० पर्यंत ‘चांगली’, १०० पर्यंत ‘समाधानकारक’, २०० पर्यंत ‘मध्यम’, पुढे ‘वाईट’, ‘अतिशय वाईट’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’. मुंबईचा हिवाळा बहुतेक ‘मध्यम’मध्ये जातो, अधूनमधून ‘वाईट’ची पायरी चढतो. मध्यम म्हटले की जेमतेम बरी, चालवून घेण्याजोगी असा भास होतो. प्रत्यक्षात अतिसूक्ष्म कणांच्या, म्हणजे पीएम २.५ च्या बाबतीत निर्देशांक २०० होतो तेव्हा एका घनमीटर हवेत हे कण ९० मायक्रोग्रॅम असतात. भारताची २४ तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली मर्यादा १५ आहे. म्हणजे ‘मध्यम’च्या वरच्या टोकाला उभा असलेला माणूस जागतिक मर्यादेच्या सहापट कण ओढत असतो, आणि सरकारी तक्त्यातच त्या रकान्यासमोर फुप्फुसाचे व हृदयाचे रुग्ण, मुले आणि वृद्ध यांना त्रास होईल असे लिहिलेले आहे. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकात अडकत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात.

शहराला हे अगदी नवे मात्र नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागचे आभाळ चिमण्यांनी भरून गेले. धुराचा जाच इतका झाला की १९१२ मध्ये मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. देशभराचा हवा प्रदूषणाचा कायदा त्यानंतर ६९ वर्षांनी, १९८१ मध्ये आला. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बहुतेक चिमण्या हळूहळू कायमच्या थंडावल्या. धूर गेला, कामही गेले.

नव्वदच्या दशकात पाळी वाहनांची आली. डिझेलवर चालणाऱ्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी शहर काळवंडून टाकले होते. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ ही नागरिकांची संघटना १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने जुन्या टॅक्सी एकतर मोडीत काढा नाहीतर स्वच्छ इंधनावर आणा असा आग्रह धरला. बघता बघता मुंबईची टॅक्सी सीएनजीवर आली. कुरकुर झाली, गॅसपंपावर मध्यरात्रीपर्यंत रांगा लागल्या, पण काम झाले. मुंबईच्या हवेच्या इतिहासात धडपणे तडीस गेलेली ही एक गोष्ट आहे, आणि ती वाऱ्याच्या भरवशावर झाली नाही.

आजचा मुख्य गुन्हेगार शोधायला दुर्बीण लागत नाही. ज्या जमिनींवर चिमण्या होत्या तिथे आता पन्नास-साठ मजले चढत आहेत. चाळी, जुन्या इमारती, झोपडपट्ट्या पाडून मनोरे उठत आहेत. खाली भुयारी मेट्रोची खणाखणी झाली, वर उन्नत मेट्रोचे खांब आले, आणि रस्त्यांचे काँक्रिटीकरण संपता संपत नाही. २०२३ मध्ये शहरात सुमारे सहा हजार ठिकाणी बांधकामे सुरू असल्याचे महापालिकाच सांगत होती. ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी हवेतल्या कणांचा उगम शोधला तेव्हा रस्त्यांवरच्या आणि बांधकामांच्या धुळीचा वाटा सर्वांत मोठा निघाला. धूळ म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात सिमेंट असते, टायरचा चुरा असतो, ब्रेकच्या पट्ट्यांचा भुगा असतो. एकदा रस्त्यावर पडली की ती प्रत्येक गाडीबरोबर पुन्हा उठते.

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी उच्च न्यायालयाने हवेची दखल आपणहून घेतली. त्याच सुमारास महापालिकेने बिल्डरांसाठी नियम काढले. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे उभे करा, काम चालू असलेला भाग हिरव्या कापडाने झाका, पाण्याचे फवारे मारा, राडारोड्याचे ट्रक ताडपत्रीने झाका, बाहेर पडताना त्यांची चाके धुवा. नियम चांगले आहेत. कुणीही एखाद्या बांधकामासमोर चहाच्या टपरीवर तासभर बसून ते पाळले जातात का हे मोजू शकतो. हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पत्रे बहुतेक ठिकाणी लागले, कारण ते रस्त्यावरून दिसतात आणि त्यांच्यावर गृहप्रकल्पाची जाहिरातही करता येते. चाके धुण्याची जागा आत असते. ती किती वेळा ओली होते हे वॉचमनलाच ठाऊक.

त्याच हिवाळ्यात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी एक हजार टँकर लावून रस्ते धुवा असे फर्मान काढले. ‘डीप क्लीन’ मोहीम निघाली, पहाटे फवारे उडाले, छायाचित्रे आली, कृत्रिम पावसाचीही चर्चा रंगली. पावसाळ्यात जे काम ढग करतात तेच नळीने करून घ्यायचे, असा हा विचार. त्याने रस्त्यावरची धूळ काही तास बसते हे खरे. पण धूळ सांडू न देणे आणि सांडलेली धूळ धूत राहणे यांतला स्वस्त उपाय कोणता, हे कुठलीही गृहिणी सांगेल.

एक पाऊल मात्र खरोखर निराळे होते. ३० डिसेंबर २०२४ रोजी निर्देशांक २०० च्या पुढे गेला म्हणून भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली बांधकामे महापालिकेने सरसकट बंद केली. मुंबईत विकासाला ‘थांब’ म्हणणे हे लोकल थांबवण्याइतकेच धाडसाचे. काही दिवसांत आकडे उतरले आणि बंदी उठली. त्या काळात ज्यांची रोजी बुडाली त्या बिगाऱ्यांना काय मिळाले, हा प्रश्न कुणाच्या टिपणीत आला नाही. धुळीत सर्वांत जास्त वेळ उभा राहणारा तोच, आणि धूळ थांबवायची म्हटल्यावर पहिला उपाशी राहणाराही तोच.

पाडकामाच्या धुळीला एक अनपेक्षित जोडवाट आहे, ती पावाच्या भट्टीत जाते. मुंबईचा लादीपाव विटांच्या घुमटाकार भट्टीत भाजला जातो. आत लाकूड पेटवायचे, भट्टी लाल तापवायची, निखारे बाजूला सारायचे आणि लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकवायचे. पहाटे वडापावच्या गाड्या लागायच्या आधी हा सगळा खटाटोप उरकलेला असतो. या भट्ट्यांत जंगलातले ओंडकेच जातात असे नाही. ते महाग पडतात. भंगारवाल्याकडे जुने दरवाजे, खिडक्यांच्या चौकटी, मोडकी कपाटे, प्लायवूडचे तुकडे मिळतात. कुणाच्या तरी पाडलेल्या चाळीचे दार असे शेवटी पावाखाली जळते. बरोबर त्यावरचे तैलरंग, वॉर्निश, डिंक आणि रसायनेही. साध्या लाकडाच्या धुरापेक्षा हा धूर कितीतरी वाईट.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपने २०२४ मध्ये शहरातल्या बेकऱ्यांची पाहणी केली तेव्हा त्यांतल्या जवळपास निम्म्या लाकडावर चालताना आढळल्या. ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस वा विजेवर येण्याचा आदेश दिला. मग वाद पेटला. इराणी बेकऱ्यांच्या चाहत्यांना ब्रून पावाच्या कडक सालीची काळजी वाटू लागली, वृत्तपत्रांतून हळहळीचे लेख आले. त्यात चवीचा भाग आहेच, पण खरे दुखणे पैशाचे आहे. दाटीवाटीच्या गल्लीतल्या बेकरीत नळाचा गॅस पोचलेला नसतो, विजेची भट्टी लाखांत जाते, जागा भाड्याची असते, आणि पावाची लादी चार-पाच रुपयांनी महागली तर वडापाववाला भांडायला उभा. टॅक्सींच्या वेळी गॅसपंप, मुदत आणि दंड हे तिन्ही एकामागोमाग आले होते. भट्ट्यांच्या वाट्याला मुदत आधी आली. तरीही न्यायालयाचे चुकले असे म्हणवत नाही, कारण भट्टीच्या तोंडाशी उभा असणारा कामगार आणि वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंब या वादात फारसे कुणी मोजलेच नव्हते.

फटाक्यांवर दरवर्षी इतके लिहिले जाते की इथे थोडक्यात आटोपावे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली; २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवा पाहून पुन्हा हीच दोन तासांची मर्यादा घातली. ती किती पाळली जाते हे दिवाळीच्या रात्री कानांनीच ठरवावे. फटाक्यांचा धूर दोन-चार दिवसांचा असतो. तो नेमका त्या आठवड्यात येतो जेव्हा वारा पडलेला असतो, म्हणून जास्त बोचतो. मात्र मार्चपर्यंत टिकणाऱ्या धुळीचा सगळा दोष लवंगी माळेवर ढकलणे ही निव्वळ लबाडी आहे.

हवा सगळ्यांची सारखी, असे म्हणतात. मुंबईत ती विभागानुसार मिळते. ट्रॉम्बे-माहुलच्या पट्ट्यात पन्नासच्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग खताचा कारखाना, वीजकेंद्र, रसायनांच्या टाक्या. शेजारच्या चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल आणि अंबापाडा इथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे म्हटले. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून तिथल्या कुटुंबांना याच माहुलमध्ये, कारखान्यांना खेटून उभ्या असलेल्या ७२ इमारतींत पाठवले गेले. घर मिळाले, वर खोकला, त्वचारोग आणि डोळ्यांची आग मिळाली. ही माणसे २०१८ मध्ये विद्याविहारच्या पदपथावर येऊन बसली आणि कित्येक महिने उठली नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कुणालाही जबरदस्तीने माहुलला धाडू नका, दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार अनामत द्या, असे बजावले. श्वासापायी घर नाकारणारे गरीब लोक या शहराने त्याआधी पाहिले नव्हते.

माहुलपासून थोड्या अंतरावर देवनार. १९२७ पासून मुंबई आपला कचरा इथे टाकते आहे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस या डोंगराला आग लागली. कचऱ्यातून निघणाऱ्या मिथेनमुळे ती आत खोल धुमसत राहिली. धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या सत्तरहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग. घनकचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देणेच थांबवले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट सैल केली. त्याच गोवंडी परिसरात शहरभरच्या रुग्णालयांचा कचरा जाळण्याचे केंद्रही वर्षानुवर्षे चालत आले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या एम-पूर्व विभागात मृत्यूचे सरासरी वय ३९ वर्षे नोंदले गेले. त्याला क्षयरोग, कुपोषण, बालमृत्यू अशी अनेक कारणे आहेत. सगळे हवेच्या माथी मारता येणार नाही. पण ज्या फुप्फुसात आधीच क्षयरोग आहे त्याला देवनारचा धूर काय करतो, हे तिथल्या कुठल्याही दवाखान्यात कळेल.

सुस्थितीतल्या मुंबईलाही आपले गाऱ्हाणे आहे, आणि ते खोटे नाही. दादरच्या शिवाजी पार्कवरची लाल माती आसपासच्या घरांत उडते म्हणून रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. मैदानाखाली पर्जन्यजलसंधारणाचे काम झाले, वर आणखी माती पसरली, आणि ती वाऱ्याबरोबर थेट दिवाणखान्यांत आली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने महापालिकेला मातीचा वरचा थर काढायला सांगितले, आयआयटीचा सल्ला मागवला गेला. राजकीय सभा, क्रिकेट, मल्लखांब, सकाळचे फेरफटके हे सगळे झेलणाऱ्या मैदानावर कोणती माती राहावी हा पेच सोपा नाही. तो सोडवायला मंडळ, महापालिका आणि आयआयटी अशा तीन संस्था कामाला लागल्या. गोवंडीच्या वाट्याला अशी तत्परता क्वचितच आली.

हिवाळ्याशी जुळवून घेण्याचे ज्याचे त्याचे मार्ग ठरून गेले आहेत. उंच इमारतींत खिडक्या बंद होतात आणि हवा शुद्ध करणारी यंत्रे घरघरतात. दम्याचे जुने रुग्ण ऑक्टोबरातच पंपाचे नवे डबे आणून ठेवतात. सकाळी फिरणाऱ्यांना डॉक्टर ऊन चढल्यावर निघा म्हणतात, कारण पहाटेची गार, रम्य हवाच सर्वांत जड असते. पण वर्षानुवर्षांची सवय सुटत नाही. करोनात घेतलेले मास्क वाहतूक पोलिसांच्या तोंडावर पुन्हा दिसतात. चौकात फुले विकणाऱ्या पोरांच्या तोंडावर मात्र काहीही नसते.

मुंबई यात एकटी नाही. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात मानके न गाठणाऱ्या शहरांची यादी १३१ वर गेली. एकट्या महाराष्ट्रातली १९ शहरे तिच्यात आहेत, देशात सर्वाधिक. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख, पुण्याच्या बांधकामांची धूळ, हे सगळे त्याच यादीत. पण त्यांच्यापाशी समुद्र नाही, त्यामुळे वाऱ्यावर विसंबून राहण्याची चैनही नाही.

देवनारच्या डोंगराचे आता हलायचे दिवस आले आहेत. धारावीच्या पुनर्विकासातल्या घरांसाठी तिथली १२४ एकर जागा राज्य सरकारने देऊ केली, आणि ती मोकळी करण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसण्याचे, अंदाजे २,३६८ कोटी रुपयांचे काम काढले. मुदत तीन वर्षांची. म्हणजे पावसाळ्याचे महिने धरूनही रोज जवळपास १७ हजार टन कचरा खणायचा, चाळायचा आणि न्यायचा. ट्रक २० टनी धरला तर दिवसाला साडेआठशे खेपा. जवळपास शंभर वर्षे दाबून ठेवलेली माती, राख आणि प्लास्टिक यंत्रांनी उकरले जाईल तेव्हा त्यातले किती हवेत उडते हे मोजायला गोवंडी-शिवाजीनगरच्या वस्तीत पुरेशी यंत्रे बसवावी लागतील. आणि त्या साडेआठशे ट्रकांवर ताडपत्री आहे की नाही, हे बघायला एम-पूर्वच्या कार्यालयातून कुणाला तरी रोज फाटकावर उभे राहावे लागेल.